थंडीत त्वचा कोरडी? आधी घड्याळ बघा!

महागडी क्रीम्स शेल्फवर रांगेत उभी, तरी पाय पांढरे फटक? थंडीत त्वचेला काय लावायचं यावर आपण खूप चर्चा करतो. पण ते कधी लावायचं, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आणि गंमत म्हणजे, लागणारं बरंचसं सामान तुमच्या किचनमध्येच आहे.

शाळेत असताना डिसेंबरात हा खेळ आपण सगळ्यांनीच खेळलाय. मागच्या बाकावर बसायचं आणि नखाने पायावर स्वतःचं नाव लिहायचं. पांढऱ्याशुभ्र अक्षरांत ते मस्त उमटायचं. घरी गेल्यावर आई ते पाय बघायची आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन मागे लागायची.

आता आपण कमावते झालो. खोबरेलची जागा मॉइश्चरायझर, बॉडी बटर, सीरम आणि नाइट क्रीमने घेतली. पाय फॉर्मल ट्राउझरमध्ये किंवा लेगिंग्जमध्ये दडले. पण थंडी सुरू झाली की दुपारच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली हळूच पायाला पाय घासणं काही सुटत नाही! मग कुणी म्हणतं, 'अ‍ॅलर्जी झाली वाटतं.' कुणी म्हणतं, 'बोअरचं पाणी बाधलं.' आणि वीकेंडला मॉलमधून आणखी एक क्रीम घरी येतं.

थांबा! पाकीट उघडण्याआधी हे नेमकं होतं कशामुळे, ते बघू या.

हवाच चोरते पाणी

हवेची एक खोड आहे. ती जितकी गरम, तितकी जास्त बाष्प सामावून घेते. समजा, पुण्यात पहाटे १२ अंश तापमान आहे आणि हवेतली आर्द्रता ८० टक्के. दुपारी तीच हवा ३० अंशांपर्यंत तापली आणि त्यात नवीन बाष्प आलंच नाही, तर आर्द्रता उतरते साधारण २६ टक्क्यांवर. म्हणजे सकाळी स्वेटर आणि दुपारी घाम, हे जे पुण्या-नाशिकचं हिवाळी वेळापत्रक आहे ना, त्यात दुपारची हवा अक्षरशः तहानलेली असते. ती मिळेल तिथून पाणी घेते. वाळत घातलेल्या कपड्यांतून घेते, तशी तुमच्या हातापायांतूनही घेते.

मुंबईकरांनो, हसू नका. तुमच्याकडे थंडी नावापुरती असली, तरी डिसेंबर-जानेवारीत समुद्रावरच्या दमट वाऱ्यांऐवजी जमिनीवरून येणारे कोरडे वारे बराच काळ वाहतात. त्यात भर ऑफिसच्या एसीची. एसीच्या पाइपमधून टपटप गळणारं पाणी कुठून येतं, याचा कधी विचार केलाय? ते खोलीतल्या हवेतलंच बाष्प असतं. नऊ-दहा तास अशा हवेत बसल्यावर त्वचा तक्रार करणार नाही तर काय!

विटा, सिमेंट आणि साबण

आपल्या त्वचेचा सर्वांत वरचा थर कागदापेक्षाही पातळ असतो. तो एखाद्या भिंतीसारखा रचलेला आहे. मृत पेशी म्हणजे विटा आणि त्यांच्यामधले स्निग्ध पदार्थ म्हणजे सिमेंट. हे सिमेंट सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी अ‍ॅसिड्सचं बनलेलं असतं. भिंत धड असेल, तर आतलं पाणी आत राहतं. सिमेंट निघालं की फटी पडतात आणि पाणी उडून जातं. वरच्या थरातलं पाणी साधारण १० टक्क्यांच्या खाली गेलं की तो कडक होतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि खाज सुरू होते.

हे सिमेंट काढण्याचं काम आपण रोज सकाळी मन लावून करतो. गीझर फुल्लवर, वीस मिनिटं शॉवर, भरपूर फेस आणि वर खरखरीत घासणी! त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा पीएच ५ च्या आसपास. साबणाचा असतो ९ ते १०. कडक पाणी स्निग्धता विरघळवतं, साबण ती धुऊन नेतो आणि आपण 'अहाहा, काय फ्रेश वाटतंय' म्हणत बाहेर येतो. अर्ध्या तासात चेहरा ओढल्यासारखा होतो, तो यामुळेच. त्या ओढलेपणाला आपण स्वच्छता समजतो. खरं तर ती भिंतीला पडलेली तडे असतात.

नडगीवर सगळ्यात आधी पांढरेपणा दिसतो, कारण तिथे तेलग्रंथी कमी असतात. तळहात आणि तळपायांवर तर त्या नसतातच. म्हणूनच टाचा फुटतात.

तीन मिनिटांचं गणित

आता मुद्द्याचं. आंघोळीनंतर त्वचेच्या वरच्या थरात पाणी मुरलेलं असतं. पण टॉवेलने खसाखसा पुसून, कपडे घालून, मोबाइल चेक करून, नाश्ता उरकून आपण क्रीमकडे वळतो, तोवर ते बरंचसं उडालेलं असतं. कोरड्या त्वचेवर तेल लावणं म्हणजे रिकाम्या डब्याला घट्ट झाकण लावण्यासारखं. आत काही नाहीच, तर जपणार काय?

म्हणून त्वचारोगतज्ज्ञ एक साधा नियम सांगतात. अंग टॉवेलने नुसतं टिपायचं, घासायचं नाही. आणि थोडी ओल असतानाच, तीन मिनिटांच्या आत, तेल किंवा क्रीम लावायचं. बाथरूममध्येच. तेलाची छोटी बाटली टूथब्रशच्या शेजारी ठेवा. सवय आपोआप लागते.

हिंजवडीत नोकरी करणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीकडे तीन प्रकारची क्रीम्स होती. ती रात्री अकराला कॅबमधून घरी यायची, पंख्याखाली बसायची आणि आठवण झाली तर पायांना चोळायची. खाजेने झोपमोड ठरलेली. तिने नवीन काहीच विकत घेतलं नाही. फक्त वेळ बदलली आणि गीझरचा काटा खाली आणला. दोन आठवड्यांत फोन आला, 'अगं, रात्रभर झोपले!' झोप हीच तर खरी कमाई ना? खाजेने मोडलेल्या झोपेची वसुली दुसऱ्या दिवशी ऑफिसात होतेच.

आंघोळीचे नियम अगदी थोडे. पाणी कोमट. वेळ दहा मिनिटांच्या आत. साबण फक्त काखा, जांघा, पावलं आणि जिथे खरोखर मळ आहे तिथे. रोज हातापायांना फेस फासायची गरज नसते. घासणीला फेब्रुवारीपर्यंत सुट्टी!

साबण घेताना वेष्टनावरचे 'टीएफएम' म्हणजे एकूण स्निग्धांशाचे आकडे वाचा. आपल्याकडच्या मानकांनुसार टॉयलेट सोपच्या पहिल्या ग्रेडमध्ये ते किमान ७६ टक्के हवं. पण हा आकडा म्हणजे सौम्यतेचं सर्टिफिकेट नव्हे. साबण तो साबणच. खूप कोरडी त्वचा असेल, तर साबणविरहित क्लीन्झर बरा.

किचनमधली फौज

त्वचेला तीन प्रकारची मदत लागते. पाणी धरून ठेवणारे पदार्थ, फटी बुजवून त्वचा मऊ करणारे पदार्थ आणि वरून झाकण लावणारे पदार्थ. हे तीन कप्पे लक्षात ठेवले की कोणत्याही डबीवरचं लेबल सोपं होतं.

खोबरेल तेल : आईचा आग्रह बरोबर होता! २००४ साली फिलिपिन्समधल्या एका अभ्यासात कोरडी त्वचा असलेल्या ३४ जणांवर दोन आठवडे व्हर्जिन खोबरेल तेल आणि मिनरल ऑइल यांची तुलना झाली. दोन्ही सारखीच उपयोगी ठरली. अभ्यास छोटा आहे, पण अनुभवाशी जुळणारा. थंडीत बाटली गोठली तर गरम पाण्याच्या मगात उभी करा. चेहऱ्यावर पिंपल्स येत असतील, तर हे तेल मानेच्या खालीच ठेवा.

तीळ आणि सूर्यफूल : दिवाळीच्या अभ्यंगाला आपण तिळाचं तेल चोळतो, उटणं लावतो आणि नरकचतुर्दशी संपली की सगळं कपाटात. वास्तविक त्वचेला गरज असते ती पुढच्या दोन महिन्यांत. रविवारी आंघोळीआधी पंधरा मिनिटं तेल लावा. गरम पाणी आणि साबणापासून ते आडोसा देतं. मात्र मग साबणाने सगळं धुऊन काढू नका आणि नंतर ओल्या अंगावर चार थेंब पुन्हा लावा. सूर्यफुलाच्या तेलात लिनोलेइक अ‍ॅसिड भरपूर असतं. त्वचेच्या सिमेंटसाठी ते कामाचं आहे.

कोकम तेल : कोकणातल्या मित्रांना विचारा, ते याला मुठेल म्हणतील. कोकमाच्या बियांपासून काढलेलं हे तेल घट्ट असतं, गोळ्यांच्या रूपात मिळतं आणि अंगाच्या उबेने हळूहळू पाघळतं. आज परदेशी बॉडी बटरच्या डब्यांवर 'कोकम बटर' असं झोकात छापलेलं असतं. आपल्याकडे आजी तेच उललेल्या टाचांना लावत आल्यात. पुढच्या वेळी मालवण किंवा रत्नागिरीला गेलात, की काजूबरोबर हेही बॅगेत टाका.

साजूक तूप : ओठांसाठी आणि कोपरांसाठी. रात्री बोटाच्या टोकावर थोडंसं पुरे. आयुर्वेदात पाण्याने शंभर वेळा धुतलेलं शतधौत घृत लावायला देतात. ते पांढरं, मऊ, क्रीमसारखं होतं.

ग्लिसरीन आणि गुलाबपाणी : ग्लिसरीनचा शोध १७७९ मधला. स्वीडनच्या कार्ल शीले यांनी ऑलिव्ह तेलापासून ते वेगळं केलं. ते पाणी ओढून धरून ठेवतं. पण नुसतं, पातळ न करता लावलं आणि हवा कोरडी असली, तर ते त्वचेच्या आतल्या थरातलंच पाणी वर खेचतं. म्हणून एक भाग ग्लिसरीनला दोन-तीन भाग गुलाबपाणी. वरून तेलाचं झाकण. मध आणि कोरफडही याच कप्प्यातले. कोरफडीचा गर एकटा लावून बसलात, तर वाळल्यावर त्वचा आणखी ताणते.

ओट्स : नाश्त्याच्या ओट्सचं मिक्सरमध्ये बारीक पीठ करा. मूठभर पीठ कोमट पाण्यात कालवून खाजणाऱ्या भागावर दहा मिनिटं ठेवा आणि धुऊन टाका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये ओट्सच्या बारीक पिठाला त्वचारक्षक म्हणून मान्यता दिली आहे.

साय आणि मसुराचं पीठ : साबणाला हा छान पर्याय. पण हलक्या हाताने. आपण भांडी घासत नाही आहोत!

'नॅचरल' आहे, पण नको

नैसर्गिक म्हणजे निर्धोक, हा गैरसमज आधी डोक्यातून काढा. बिब्बाही नैसर्गिकच असतो!

लिंबू त्वचेवर चोळू नका. ते तीव्र आम्लधर्मी असतं. शिवाय रस लावून उन्हात गेलात, तर चट्टे आणि काळे डाग पडू शकतात. खाण्याचा सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी. मुलतानी माती तेल शोषून घेते. तेलकट चेहऱ्याला उन्हाळ्यात ठीक, पण थंडीत उरलंसुरलं तेलही जातं. संत्र्याच्या सालीचं भरड स्क्रब कोरड्या त्वचेवर ओरखडे काढतं.

आता थोडा धक्का. ऑलिव्ह ऑइल! २०१३ मध्ये इंग्लंडमधल्या एका छोट्या अभ्यासात निरोगी प्रौढांच्या हातावर काही आठवडे ऑलिव्ह आणि सूर्यफुलाचं तेल लावून पाहिलं. ऑलिव्हमुळे त्वचेची भिंत कमकुवत झाली, थोडी लालीही आली. सूर्यफुलाने तसं झालं नाही. २००२ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातही मोहरीच्या तेलाने त्वचेची दुरुस्ती लांबवली आणि सूर्यफुलाच्या तेलाने ती लवकर होऊ दिली. तेव्हा बाटली कितीही इम्पोर्टेड असो, ती सॅलडवरच ओता.

आणखी एक. कोरडी त्वचा राखाडी, निस्तेज दिसते. अनेक जण तिला 'काळवंडली' म्हणतात आणि गोरेपणाचं क्रीम किंवा ब्लीच शोधायला निघतात. तिला रंग नको असतो, पाणी हवं असतं. ओल परत आली की तुमचा मूळ रंग आपोआप उजळून दिसतो.

कोणताही नवा प्रयोग आधी कोपराच्या आतल्या बाजूला करा. एक-दोन दिवस थांबा. खाज, लाली नाही ना? मग पुढे जा.

नऊ ते सातचा बंदोबस्त

डेस्कच्या ड्रॉवरमध्ये एक छोटी ट्यूब हवीच. हात धुतल्यावर प्रत्येक वेळी ओल्या हातांना चिमूटभर क्रीम. सॅनिटायझरनंतरही. ओठांवरून जीभ फिरवू नका. थुंकी उडून जाताना ओठांची ओलही नेते, शिवाय तिच्यातली पाचक द्रव्यं ओठांना त्रास देतात. तूप किंवा पेट्रोलियम जेली लावा. पेट्रोलियम जेली किचनमधली नाही, पण १८७२ मध्ये पेटंट मिळालेली ही साधी डबी झाकण लावण्यात आजही अव्वल आहे.

मित्रांनो, हे फक्त मुलींसाठी नाही बरं का! दाढी आंघोळीनंतर करा, केस मऊ झालेले असतात. अल्कोहोलवाल्या आफ्टरशेव्हला सुट्टी द्या. बाइकवर असाल तर रुमाल, हातमोजे हवेत. लोकरीचा स्वेटर थेट अंगावर घालू नका, आत सुती टी-शर्ट घाला.

आणि पाणी? थंडीत तहान लागत नाही म्हणून पिणं विसरू नका. पण बाटल्यांवर बाटल्या रिचवल्याने नडगी मऊ होईल, अशी आशाही नको. अडचण पाणी कमी पडण्याची कमी आणि ते टिकण्याची जास्त आहे.

घरी गेलात, की टाचा बघा

आता जरा सीरियस. या वीकेंडला गावी आई-बाबांकडे जाणार असाल, तर त्यांच्या टाचा बघा. हसू नका, खरंच बघा. आपल्याला कोरडी त्वचा म्हणजे फार तर खाज आणि खराब सेल्फी. पण डायबेटिस असलेल्या माणसाच्या पायाची संवेदना कमी झालेली असू शकते. टाचेला भेग पडली, तरी दुखत नाही. दुखत नाही म्हणून कुणी बघत नाही. त्या भेगेतून जंतुसंसर्ग शिरला, की जखम चिघळते आणि प्रकरण पायावर बेतू शकतं.

साध्या भेगांसाठी रात्रीचा कार्यक्रम असा. पाय दहा मिनिटं कोमट पाण्यात. वज्रीने हलकेच घासा. टिपून लगेच कोकम तेल किंवा पेट्रोलियम जेली लावा आणि वर सुती मोजे. ब्लेडने कातडी कापणं सक्त मना. डायबेटिस असेल, तर पाय भिजत ठेवणं आणि वज्री हे दोन्ही टाळा. पाणी किती गरम आहे, हे त्या पायाला कळेलच असं नाही. नुसतं मऊ करणारं क्रीम लावा, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवा आणि भेग खोल असेल, तर तेलात वेळ न घालवता डॉक्टर गाठा.

तुम्हीही दोन-तीन आठवडे नीट काळजी घेऊनसुद्धा खाजेने झोप मोडत असेल, त्वचा लाल होऊन पाणी येत असेल, रक्त निघत असेल किंवा जाड खवले दिसत असतील, तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. उन्हाळ्यातही त्वचा कोरडीच, वजन वाढतंय, सतत थकवा, सगळ्यांपेक्षा जास्त थंडी वाजते? मग थायरॉइड तपासून घ्या. दर वेळी दोष हवेचाच असतो असं नाही.

बाकी तुमची शॉपिंग लिस्ट अगदी छोटी आहे. खोबरेल किंवा सूर्यफुलाच्या तेलाची एक बाटली, ग्लिसरीन, पेट्रोलियम जेलीची डबी आणि जमलं तर कोकम तेलाचा गोळा. एका फेशियलच्या पैशांत अख्खा हिवाळा निघेल. उद्या सकाळी फक्त दोन गोष्टी करा. गीझर थोडा लवकर बंद करा आणि तेलाची बाटली बाथरूममध्ये नेऊन ठेवा. मोबाइल तीन मिनिटं थांबू शकतो.